'गेट' या शब्दाचे अर्थ पाठ का होत नाहीत? इंग्लंडमधील एका परिचारिकेच्या प्रश्नाला उत्तर

सातारा जिल्ह्यातून इंग्लंडला गेलेल्या आणि सध्या तिथल्या उत्तर भागात वृद्धांच्या वॉर्डात काम करणाऱ्या एका परिचारिकाताईंनी विचारले आहे की, रुग्णांच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात 'गेट' हा शब्द येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा निघतो, तेव्हा तो शिकायचा कसा? शब्दकोशात त्याखाली दोन-तीन पाने अर्थ आहेत. ते पाठ करून पाहिले, पण ऐन वेळी एकही आठवत नाही. एका आजोबांनी 'आय कान्ट गेट कम्फर्टेबल' म्हटले तेव्हा त्यांना काहीतरी आणून हवे आहे असे वाटून ताईंनी त्यांना आणखी एक उशी दिली, आणि ते आजोबा नुसतेच मान हलवत राहिले. शिवाय नोंदवहीत हाच शब्द लिहिला की वरिष्ठ परिचारिका तो खोडून दुसरा घालतात, आणि त्यामुळे हा शब्द चांगला की वाईट हेही कळेनासे झाले आहे. धाकटी बहीण सध्या परिचारिकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करीत असल्यामुळे तिलाही याचा उपयोग होईल, असे त्यांनी लिहिले आहे.

ताई, मी गेली अनेक वर्षे मिरजेत परिचारिकांना इंग्रजी शिकवते आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्यासमोर सतत येतो. माझ्या मते तुमची अडचण अर्थांच्या संख्येची नाही. शाळेत आपल्याला 'गेट म्हणजे मिळणे' असे एकच समीकरण शिकवलेले असते, आणि पुढे कितीही अर्थ वाचले तरी कानावर शब्द पडताच मन पहिल्यांदा त्याच समीकरणाकडे धावते. आजोबांच्या वाक्यात तुम्हाला 'काहीतरी मिळत नाही' असे ऐकू आले ते याच कारणाने.

आधी आपल्याच भाषेकडे पाहा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवा लागतो, वेळ लागतो, मूल रडू लागते, आपल्याला जावे लागते. 'गाडी लागली' या दोन शब्दांत तर एक माणूस फलाटावर गाडी आल्याचे सांगतो आणि दुसरा घाटात मळमळल्याचे. 'लागणे' या क्रियापदाचे अर्थ तुम्ही कधी पाठ केले होते का? मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाला ते पाठ करायला सांगितले तर तोही तुमच्यासारखाच रडकुंडीला येईल. आपण हे क्रियापद कधी एकटे ऐकत नाही. 'भूक', 'ठेच', 'रडू', 'जावे' हे शेजारचे शब्द अर्थ ठरवतात आणि 'लागणे' त्यांना वाक्यात उभे करते. 'गेट'चे अगदी असेच आहे. फरक इतकाच की मराठीत अर्थ ठरवणारा शब्द क्रियापदाच्या आधी येतो आणि इंग्रजीत तो नंतर येतो, त्यामुळे 'गेट' ऐकताच निष्कर्ष काढण्याऐवजी त्याच्या पुढचा शब्द येईपर्यंत थांबण्याची सवय लावावी लागते.

हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही, तो उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून आलेला आहे. नवव्या शतकापासून हे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात, म्हणजे तुम्ही आज जिथे राहता त्या टापूत, वस्ती करून राहिले. 'स्काय', 'एग' आणि 'दे' हे शब्दही त्यांचेच. नॉर्समधील त्याचा अर्थ हाती लागणे, गाठणे असा होता. पुढे तो किती पसरला हे पाहायचे तर सी. के. ऑग्डेन यांच्या 'बेसिक इंग्लिश'कडे पाहावे. 1930 साली त्यांनी परदेशी लोकांसाठी अवघ्या 850 शब्दांची इंग्रजी तयार केली, तीत क्रियापदे म्हणून जेमतेम 18 शब्द ठेवले, आणि त्या अठरांत 'गेट'ला जागा मिळाली, कारण हा एक शब्द घेतला की डझनभर इतर क्रियापदे गाळता येतात. तुमच्या वॉर्डातील आजी-आजोबा नकळत हेच करीत असतात.

मी विद्यार्थिनींना एवढेच धरून ठेवायला सांगते की 'गेट'मध्ये जवळजवळ नेहमी एक बदल असतो. आधी नव्हते ते आता आहे, आधी तसे नव्हते ते आता तसे झाले, आधी इथे होते ते आता तिथे गेले. बदल कशात झाला हे पुढचा शब्द सांगतो. पुढे वस्तू किंवा व्यक्ती आली तर मिळणे, आणणे, बोलावणे यांपैकी काहीतरी असते. 'कुड यू गेट द डॉक्टर' म्हणजे डॉक्टरांना बोलावता का, आणि 'गेट मी अ ब्लँकेट' म्हणजे पांघरूण आणून द्या. पुढे गुण किंवा अवस्था सांगणारा शब्द आला तर मराठीत 'होणे' असते किंवा त्या अवस्थेचे स्वतंत्र क्रियापद असते. 'गेट टायर्ड' म्हणजे थकणे, 'गेट वर्स' म्हणजे बळावणे, 'गेट डिझी' म्हणजे चक्कर येणे. आजोबांच्या वाक्यात 'कम्फर्टेबल' हा असाच अवस्थेचा शब्द आहे, म्हणून त्यांना काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कोणत्याही कुशीवर वळलो तरी बरे वाटत नाही, अंग कुठे टेकवावे कळत नाही, असे ते सांगत होते. अशा वेळी उशी देणे चूक नाही, परंतु त्याआधी कुठे दुखते आहे का, एकाच जागी दाब पडून कातडी लाल झाली आहे का, हे पाहायला हवे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

वस्तूच्या जागी दुखणे आले तर मात्र जरा थांबायला हवे. परिचारिकेच्या कामात या शब्दाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो, आणि व्याकरणाच्या पुस्तकांत तो सहसा सापडत नाही. तीन वाक्ये पाहा. 'आय गेट अ पेन इन माय चेस्ट' म्हणजे माझ्या छातीत अधूनमधून दुखते, बहुधा काहीतरी केले की दुखते. 'आय हॅव गॉट अ पेन इन माय चेस्ट' म्हणजे आत्ता, या क्षणी दुखत आहे. 'आय गॉट अ पेन इन माय चेस्ट' म्हणजे दुखून गेले, काल रात्री किंवा जिना चढताना. पहिल्या वाक्यावर तुम्ही कधी, किती वेळ, कशाने असे प्रश्न विचाराल. दुसऱ्या वाक्यावर कदाचित घंटा दाबाल. मराठी माणसाला या तिन्हींत 'दुखणे' एकच ऐकू येते, कारण आपण 'दुखते', 'दुखते आहे' आणि 'दुखले' हा फरक क्रियापदाच्या रूपांनी करतो, तर इथे तो 'गेट', 'हॅव गॉट' आणि 'गॉट' यांवर टांगलेला आहे.

यात एक गोम आहे. बोलताना 'आय हॅव गॉट'चे 'आयव्ह गॉट' होते आणि त्यातला 'व्ह' बऱ्याच जणांच्या तोंडी इतका अस्पष्ट असतो की ऐकू येते ते फक्त 'आय गॉट'. म्हणजे आत्ताचे दुखणे आणि कालचे दुखणे कानाला सारखेच. याला व्याकरणाचा उपाय नाही, लगेच उलट विचारणे हाच उपाय आहे. 'हॅव यू गॉट इट नाऊ' हा पाच शब्दांचा प्रश्न मी सर्वांना घोकून घ्यायला लावते. नाहीतर मी घोकंपट्टीच्या विरोधात आहे, पण या एका वाक्याला माझी सूट आहे.

पुढे जागा किंवा दिशा दाखवणारा शब्द आला तर शरीराची किंवा वस्तूची हालचाल असते, आणि तिच्यात बहुधा थोडा प्रयास गृहीत असतो. 'गेट अप' म्हणजे उठणे, 'गेट आउट ऑफ बेड' म्हणजे पलंगावरून उतरणे, 'गेट टू द टॉयलेट' म्हणजे शौचालयापर्यंत पोहोचणे. तुमच्या वॉर्डात अशा वाक्यांचा शब्दशः अर्थ कळणे पुरेसे नसते. 'आय गेट अप थ्री टाइम्स अ नाइट' असे आजी म्हणतात तेव्हा त्या झोपमोडीची तक्रार करीत असतीलही, पण बहुतेक वेळा लघवीसाठी तीनदा उठावे लागते हे त्या आडून सांगत असतात. 'आय कान्ट गेट टू द टॉयलेट इन टाइम' हे शौचालय लांब असल्याचे गाऱ्हाणे नव्हे, कपडे ओले होतात हे सांगण्याची ती सभ्य रीत आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका 'जरा घाई होते हो' म्हणतात, तसाच हा संकोच आहे.

वाहनांबद्दल एक छोटीशी गोष्ट, कारण रुग्णाला घरी सोडताना तिची गरज पडते. आपण भारतात 'गेट डाऊन फ्रॉम द बस' म्हणतो, तिकडे बससाठी 'गेट ऑफ' आणि मोटारीसाठी 'गेट आउट ऑफ' म्हणतात. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्याला 'ऑन' आणि 'ऑफ', ज्यात वाकून शिरावे लागते त्याला 'इन' आणि 'आउट', एवढे लक्षात ठेवले की बहुतेक वेळा भागते.

आता दोन रूपे अशी आहेत की ती मराठी माणसाला सर्वांत सोपी वाटायला हवीत, तरीही कोणी आपल्याला तशी शिकवत नाही. 'गेट टू' याच्यापुढे क्रियापद आले की त्याचा अर्थ 'करायला मिळणे' असा होतो. 'विल आय गेट टू सी द डॉक्टर टुडे' म्हणजे आज मला डॉक्टरांना भेटायला मिळेल का. त्यात इच्छा आणि संधी दोन्ही आहेत, अगदी आपल्या 'मिळणे'सारखीच. 'हॅव गॉट टू' याच्यापुढे क्रियापद आले की मात्र 'करावे लागणे'. 'आय हॅव गॉट टू सी द डॉक्टर' म्हणणाऱ्याला भेटणे भागच आहे, मग त्याला आवडो वा न आवडो. मराठीत 'भेटायला मिळाले' आणि 'भेटावे लागले' यांत आपली कधीच गल्लत होत नाही, म्हणून या दोन रूपांना हीच मराठी जोडी कायमची बांधून टाकावी. हे दुसरे रूप बोलताना 'गॉटा' असे ऐकू येते आणि तो एखादा नवाच शब्द आहे असे सुरुवातीला वाटते.

दुसऱ्याकडून काम करून घेण्याचे रूप जरा अवघड आहे, कारण त्यात मराठीची सवय आड येते. आपण 'मी केस कापले' असे बिनदिक्कत म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते न्हाव्याने कापले हे समजते. 'मी स्कूटर दुरुस्त केली' म्हटले तरी मेकॅनिकने केली हे गृहीत असते. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटले तर कात्री स्वतःच्या हातात होती असा अर्थ निघतो. तिथे 'आय गॉट माय हेअर कट' म्हणावे लागते, म्हणजे आधी 'गेट', मग वस्तू आणि मग क्रियापदाचे तिसरे रूप. हे म्हणजे मराठीतील 'करून घेणे'. 'गेट इट चेक्ट' म्हणजे तपासून घ्या, 'गेट द प्रिस्क्रिप्शन फिल्ड' म्हणजे चिठ्ठीवरची औषधे घेऊन टाका. रुग्णाला घरी पाठवताना ही वाक्ये रोज लागतात.

याच्या शेजारचेच पण वेगळे रूप म्हणजे माणसाला काहीतरी करायला लावणे. 'आय कान्ट गेट हर टू ईट' असे एखाद्या आजींची मुलगी म्हणते, तेव्हा ती आईला हर तऱ्हेने समजावून, लाडीगोडी लावून थकलेली असते. इथे माणसानंतर 'टू' येतोच. 'मेक' हे क्रियापद वापरले तर 'टू' येत नाही, पण अर्थ जबरदस्तीकडे झुकतो, आणि रुग्णाच्या बाबतीत 'आय मेड हर ईट' असे परिचारिकेने म्हणणे धोक्याचे आहे. गोडीगुलाबीने जेवायला लावले आणि दामटून जेवायला लावले, यांत चौकशी समितीसमोर किती अंतर पडते हे सांगायला नको.

अपघात, मारहाण, चावा अशा गोष्टींत 'गेट' हे आपल्या 'बसणे', 'लागणे', 'जाणे' यांचे काम करते. 'ही गॉट नॉक्ट ओव्हर' म्हणजे त्याला धडक बसून तो पडला, 'शी गॉट बिटन' म्हणजे तिला काहीतरी चावले. 'वॉज' घालूनही हीच वाक्ये करता येतात आणि ती अधिक औपचारिक होतात. 'गॉट' म्हटले की ती गोष्ट अंगावर येऊन आदळली, नको असताना घडली, अशी छटा येते. बढतीसारख्या चांगल्या गोष्टींनाही ते चालते, पण वॉर्डात तुम्हाला चांगल्या गोष्टी कमीच ऐकू येतील.

आतापर्यंतचे सारे एका ओळीत मांडायचे झाले तर 'गेट'पुढे वस्तू आहे, अवस्था आहे, जागा आहे, 'टू' आहे की क्रियापदाचे तिसरे रूप आहे एवढे ओळखले की बहुतांश वाक्ये सुटतात. सगळी नव्हेत. काही जोड्या अशा रूढ झाल्या आहेत की त्यांना ही किल्ली लागत नाही आणि त्या एकेक करून ओळखीच्या कराव्या लागतात. 'हाउ आर यू गेटिंग ऑन' म्हणजे कसे काय चालले आहे, त्यात कशावरही चढायचे नसते. 'ही इज गेटिंग ऑन अ बिट' म्हणजे त्यांचे आता वय झाले, आणि 'ही इज गेटिंग ऑन फॉर एटी' म्हणजे ते ऐंशीच्या जवळ आले. 'गेट बाय' म्हणजे जेमतेम भागणे. एकटे राहणारे आजोबा 'आय गेट बाय' म्हणाले तर ते कुरकुर करीत नसले तरी घरी मदतीची गरज आहे का, हे विचारण्याजोगे असते. 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे. 'आय डोन्ट गेट इट' म्हणजे मला कळत नाही.

यांतील एका जोडीकडे विशेष लक्ष द्या, कारण तिचे शब्द तेच राहतात आणि नुसती त्यांची अदलाबदल होते. 'आय कान्ट गेट इट डाऊन' म्हणजे ते घशाखाली उतरत नाही, मग ती गोळी असो वा घास. 'इट गेट्स मी डाऊन' म्हणजे त्याने माझे मन खचते. पहिल्या वाक्यात वस्तू खाली जात नाही, दुसऱ्यात माणूस खाली जातो. पहिले वाक्य ऐकून गिळण्याची तपासणी करावी लागेल, दुसरे ऐकून खुर्ची ओढून बसावे लागेल. नैराश्य हा शब्द त्या पिढीतील पुष्कळ माणसे स्वतःबद्दल उच्चारत नाहीत, आणि 'गेट्स मी डाऊन' एवढेच बोलून थांबतात. 'डाऊन' या एका शब्दावरून औषधाच्या गोळीबद्दलच चालले आहे असे समजलात, तर ती व्यक्ती पुन्हा तो विषय काढेलच याची खात्री नाही.

कोण बोलत आहे यावरही बरेच अवलंबून आहे, आणि ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. उत्तरेत काय, लंडनमध्ये काय, पुष्कळ जण शेवटचा 'ट' उच्चारतच नाहीत, घशातल्या घशात एक झटका देऊन सोडून देतात, त्यामुळे 'गेट अप'चे 'गे अप' होते. अमेरिकन रुग्ण असेल तर तोच 'ट' मऊ होऊन 'गेडप' असे काहीसे ऐकू येते. अमेरिकन माणूस 'गॉटन' असेही म्हणेल, आणि 'आय हॅव गॉट' म्हणजे माझ्याजवळ आहे, 'आय हॅव गॉटन' म्हणजे मला मिळाले किंवा मी तसा झालो, असा फरक करील. हे रूप चुकीचे आहे असे एखादा इंग्रज सहकारी तुम्हाला सांगेल, पण ते त्याच्याच पूर्वजांचे जुने रूप असून 'फरगॉटन'मध्ये ते आजही तो रोज वापरतो. तुम्ही स्वतः बोलताना इंग्लंडमध्ये 'गॉट'च वापरा, वाद घालू नका. आपल्या बाजूची एक काळजी म्हणजे उच्चार. देवनागरीत 'गेट' लिहिले की फाटक आणि हे क्रियापद एकसारखेच दिसतात. इंग्रजीत क्रियापदातला 'ए' आखूड आणि झटकन संपणारा आहे, तर फाटकातला लांबत जाऊन 'इ'कडे कलतो.

आता तुमच्या वरिष्ठ परिचारिका खोडतात त्याबद्दल. हा शब्द वाईट नाही, तो बोलण्याचा आहे. इंग्लंडमधील शाळांतही मुलांना निबंधात तो टाळायला सांगण्याची जुनी रीत आहे. नोंदवहीत तो नको याचे कारण मात्र केवळ शिष्टाचाराचे नाही. नोंद वाचणाऱ्या पुढच्या पाळीतील परिचारिकेला रुग्णाचा आवाज, हातवारे, चेहरा यांपैकी काहीच मिळत नाही, आणि जो शब्द पाच अर्थांनी वाचता येतो तो तिच्या काही कामाचा नसतो. म्हणून 'आय गेट डिझी व्हेन आय गेट अप' हे ऐकल्यावर नोंदीत 'रिपोर्ट्स डिझिनेस ऑन स्टँडिंग' असे लिहावे. त्या एका वाक्यातील दोन्ही 'गेट' गेले आणि अर्थ अधिक नेमका झाला, शिवाय उठल्यावरचा रक्तदाब मोजायला हवा हेही वाचणाऱ्याच्या लक्षात आले. 'गॉट वर्स'च्या जागी 'वर्सन्ड' किंवा 'डिटीरिओरेटेड', 'गॉट अ रॅश'च्या जागी 'डेव्हलप्ट अ रॅश', 'गॉट द टॅब्लेट्स'च्या जागी औषध दिले असेल तर 'गिव्हन' आणि फक्त पोहोचले असेल तर 'रिसीव्ह्ड' असे लिहावे. या शेवटच्या जोडीत 'गॉट' लिहिले तर रुग्णाने गोळ्या घेतल्या की त्या नुसत्या औषधालयातून वॉर्डात आल्या, हे कोणालाच कळणार नाही. रुग्णाचे स्वतःचे शब्द महत्त्वाचे असतील, जसे वर सांगितलेले 'गेट्स मी डाऊन', तर ते अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिहावेत. तिथे ते बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे ऐकून काही जणी दुसऱ्या टोकाला जातात आणि बोलतानाही 'गेट' सोडून देतात. 'आय विल ऑब्टेन अ ब्लँकेट फॉर यू' असे खाटेशेजारी उभे राहून म्हणणे म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला 'आपणांस चहा प्राप्त झाला का' असे विचारण्यासारखे आहे. व्याकरण शुद्ध असूनही माणूस दूर ढकलला जातो. 'आय विल गेट यू अ ब्लँकेट' हेच तिथे योग्य आहे.

शिकण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत थोडे हट्टी आहे. इंग्रजी-मराठी कोश या शब्दासाठी बाजूला ठेवा आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीतच तयार केलेला कोश घ्या, कारण त्यात प्रत्येक अर्थाखाली 'गेट'पुढे काय येते हे दाखवून पूर्ण वाक्य दिलेले असते. त्याहून उपयोगी म्हणजे स्वतःची वही. पाळी संपल्यावर त्या दिवशी ऐकलेली दोन-तीन वाक्ये पूर्ण लिहावीत, रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असे काहीही न लिहिता, आणि समोर त्या प्रसंगी आपली आजी मराठीत जे म्हणाली असती ते लिहावे. 'आय कान्ट गेट वॉर्म' या वाक्यासमोर 'मला ऊब मिळू शकत नाही' असे नव्हे, तर 'किती पांघरले तरी थंडी जात नाही' असे. वही भरत गेली की तुमच्या लक्षात येईल की वॉर्डात फिरणारी वाक्ये मोजकीच असून तीच ती पुन्हा येतात.

तुमच्या बहिणीसाठी एवढेच सांगते. ती ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजे ओईटी देत असेल तर बोलण्याच्या भागात तिला परिचारिका म्हणून दोन प्रसंग वठवावे लागतील, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे. तिथे रुग्णाला समजेल असे साधे बोलण्याला गुण आहेत, म्हणून 'गेट' मोकळेपणाने वापरू दे. लिहिण्याच्या भागात तिला टिपणांवरून साधारण 180 ते 200 शब्दांचे पत्र लिहायचे आहे, आणि तिथे हा शब्द एकदाही आला नाही तर उत्तम. ब्रिटनची परिचारिका परिषद लेखनासाठी सी प्लस आणि बाकी तिन्ही भागांसाठी बी श्रेणी मागते. लेखनाला दिलेली ही थोडीशी ढील पाहून पुष्कळ मुली त्या भागाचा सराव शेवटावर ढकलतात आणि नेमक्या तिथेच अडकतात. सरावाचे पत्र लिहून झाले की तिने त्यातला प्रत्येक 'गेट' आणि 'गॉट' लाल शाईने गोल करावा, त्याच्या जागी तिला नक्की काय म्हणायचे आहे ते आधी मराठीत लिहावे आणि मग त्याचे इंग्रजी क्रियापद शोधावे. तसे एखादे पत्र इथे टाकलेत तर मी पाहून देईन.